गुरुवारची टर्की

अमेरिकेने खाण्यापिण्याचा आपला सगळ्यात मोठा सण नेमका गुरुवारी ठेवला, याचा राग मला इथे आल्यापासून आहे. बुधवार चालला असता, रविवार तर धावलाच असता. पण नाही. थँक्सगिव्हिंग म्हणजे गुरुवार, आणि गुरुवार म्हणजे दत्ताचा वार. मी पक्की कोल्हापूरची, एरवी कशाला नाही म्हणायची नाही. पण त्या दिवशी आमच्या माहेरी अंडंसुद्धा फुटायचं नाही, आणि मी तेच इथे अल्फारेटात चालू ठेवलं.

म्हणून घरोघरी टर्की भाजतात त्या सणाच्या दिवशी आमच्याकडे वरण-भात, आणि टर्की शनिवारी. तीही अख्खी भाजलेली नव्हेच. तंगड्या कुकरला लावायच्या, खोबऱ्याचं वाटण, कांदा-लसूण मसाला, वर बोटभर तवंग. मुलगी लहान असताना शाळेत बाईंनी प्रत्येकाला विचारलं, टर्की कशी झाली? हिने सांगितलं, आमची शनिवारी झाली, कुकरमध्ये. वर्ग हसला. घरी येऊन तिने दप्तर फेकलं ते मला अजून दिसतं.

कॉलेजात गेल्यापासून ती त्या दिवशी घरी येईनाशी झाली. आधी मैत्रिणींकडे, मग नॅशव्हिलला, तिच्या मित्राच्या आईकडे. मी आणि नवरा समोरासमोर बसून वरण-भात खायचो, आणि ती तिकडे टर्कीवर ताव मारत असणार हे मी धरूनच चालले होते. वाईट वाटायचं. टर्कीचं नव्हे, आपल्या घराला कंटाळून ती दुसऱ्याच्या घरी रमली, याचं.

मागच्या वर्षी तिचा फोन आला. "आई, या वेळी आम्ही तिघं येतोय. त्याची आई पण. तू सिंपल काहीतरी कर, ओके?"

"सिंपल का? टर्की करीन. अख्खी. आणि गुरुवारीच."

"आर यू शुअर?"

ते 'शुअर' मला झोंबलं. निदान एकदा तरी तिला आपल्या घराबद्दल कुणाला काही समजावून सांगावं लागू नये, एवढंच मला हवं होतं.

कुठलीही गोष्ट करायची म्हटली की मी आधी वाचत सुटते. हा पक्षी मूळचा इथलाच. मेक्सिकोतल्या लोकांनी तो दारात पाळला, स्पॅनिश लोकांनी जहाजात घालून युरोपात नेला, तिथे तो राजेरजवाड्यांच्या पंगतीला बसला, आणि पुढे वसाहत करायला निघालेल्या गोऱ्यांनी तोच पाळलेला पक्षी परत इकडे आणला. इथल्या रानात त्याचे भाऊबंद मोकळे हिंडत होतेच. म्हणजे ही माहेरी पाहुणी म्हणून आलेली. पोर्तुगिजांमुळे ती गोव्यालाही पोचली होती. तिथून एका मोगल बादशहाने ती मागवली आणि चित्रकाराला समोर बसवून तिचं चित्र काढून घेतलं. खाल्ली की नाही, ते मला कुठे सापडलं नाही. गोव्यापर्यंत येऊन ती आमच्या रश्श्यात पडली नाही, याची उगाच चुटपुट लागली.

गुरुवारी सकाळपासून माझा पाय एका जागी ठरेना. आदल्या दिवशी टर्की मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली होती. ती ओव्हनमध्ये गेली आणि मी दार उघडत बसले. कातडी काळी तर पडत नाही ना? छाती कोरडी तर होत नाही ना?

"सारखं दार उघडलंस तर ती शिजणार कधी?" नवरा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा."

मी स्वतः खाणार नव्हतेच, त्यामुळे खरी अडचण चाखण्याची होती. नैवेद्य न चाखताच करतात, पण त्यातलं मीठ हाताला पाठ असतं. टर्कीच्या तळाशी साचलेल्या रसाची ग्रेव्ही मी जन्मात केली नव्हती. नवरा कुठलाच वार पाळत नाही, म्हणून त्याला चमचा दिला. "मस्त," तो म्हणाला. ब्लडप्रेशरपायी इतकी वर्षं अळणी खाल्लेल्या माणसाला मीठ लागलं की सगळंच मस्त.

पाहुणे तासाभरावर आले होते. मी ओट्याकडे वळले आणि करंगळी बुडवून जिभेला लावली. खारटढाण! मग बटाटा उकडून घातला, पाणी घातलं, पुन्हा चाखलं, लोणी घातलं, पुन्हा चाखलं. गुरुवार मोडायचा तो मोडलाच होता. ग्रेव्ही मात्र सुधारली.

ते आले. टर्की तांबूस, देखणी झाली होती. मुलीने मला घट्ट मिठी मारली आणि मी वेड्यासारखी ताटल्या इकडच्या तिकडे करत राहिले. नवऱ्याने टर्की कापली. मित्राच्या आईने पहिला घास खाऊन डोळे मिटले. मग मुलीने पिशवीतून एक झाकलेलं भांडं काढून माझ्यापुढे ठेवलं. पावाचं स्टफिंग, टर्कीच्या पोटात भरतात तसं, पण नुसतं मशरूम घातलेलं.

"हे आपल्या दोघींचं," ती म्हणाली. "नो मीट."

मला काही कळेना. मित्राची आईच मग म्हणाली, ही आमच्याकडेही दर वर्षी हेच खाते, मी तिच्यासाठी वेगळं करते. तुमच्याकडे गुरुवारचं काय असतं ते मला केव्हाचं विचारायचं होतं.

"तू पाळतेस?" मी मुलीला विचारलं.

"पाळते असं नाही गं. तू इथे वरण-भात खात असशील, असं वाटायचं. मग खावंसंच नाही वाटायचं."

मी तिच्या पानाशी वाकून हळूच म्हणाले, "मी आज चाखलंय. ग्रेव्ही. दोन-तीनदा."

"आज? का?"

"तुझ्यासाठी. बिघडली असती."

ती रागावली असती, हसली असती, तर बरं झालं असतं. "मग मी एकटीने गुरुवार कशाला धरायचा?" असं म्हणून तिने टर्कीचा एक तुकडा उचलला, ग्रेव्हीत बुडवला. सकाळपासून मला हेच तर बघायचं होतं. तरी तिचा हात धरावा असं फार वाटलं. धरला नाही. तिने तो खाल्ला.