कापश्याचं बेमुदत उपोषण

मरणाच्या दारात बसलेल्या माणसाला नुसत्या शब्दाने माघारी वळवणारे सत्पुरुष पूर्वी होऊन गेले, असं म्हणतात. आमच्या बीडमध्ये असे एक सत्पुरुष अजून हयात आहेत, आणि ते माझे थोरले साडू आहेत. फरक इतकाच, की त्यांच्या शब्दाबरोबर लिंबाच्या सरबताचा ग्लासही लागतो.

साडू नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. या पदावरच्या माणसाने सातबारा, वाळू, निवडणूक असं बरंच काही पाहायचं असतं. साडूंनीही ते पाहिलं, पण लांबून. त्यांचं खरं कार्य घडलं ते कलेक्टर कचेरीसमोरच्या मंडपात. आमच्याकडे रस्त्यासाठी, पाण्याच्या टाकीसाठी, बदलीसाठी आणि झालेली बदली रद्द व्हावी म्हणूनही माणसं उपोषणाला बसतात. बसलेल्याला उठवायला साहेबांच्या वतीने कुणीतरी जावं लागतं, आणि वर्षानुवर्षं ते कुणीतरी म्हणजे साडू. त्यांनी या कामाचं शास्त्र केलं होतं. पहिल्या दिवशी मंडपाकडे फिरकायचंसुद्धा नाही. "पहिल्या दिवशी माणूस भुकेला नसतो, रागाला आलेला असतो," हे त्यांचं सूत्र. दुसऱ्या दिवशी जायचं, पण मागण्यांचं नावही काढायचं नाही; गुरांना वैरण कोण टाकतंय, पोरगी कितवीला आहे, एवढंच विचारायचं. तिसऱ्या दिवशी 'शासन सकारात्मक आहे' असं लेखी पत्र आणि सरबत एकदमच न्यायचं. सरबतात बर्फ घालायचा नाही, कारण उपाशी घशाला तो बोचतो आणि माणूस पहिल्याच घोटाला थांबतो. दुसरा घोट गेला, की मागणी संपली.

हे शास्त्र त्यांनी कचेरीत ठेवलं असतं तर आम्हा नातेवाइकांचं आयुष्य सुखाचं गेलं असतं. पण त्यांच्या लेखी जगात कुणीही ताटावरून उठलं, की ते उपोषण. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना घोसाळ्याची भाजी पाहून तोंड फिरवून बसला, तेव्हा त्यांनी त्याला गंभीरपणे विचारलं होतं, "बेमुदत का साखळी?" एका पुतणीच्या लग्नात नवरदेवाचे मामा फेटा बांधायला कुणी विचारलं नाही म्हणून फुगून जीपमध्ये जाऊन बसले. मुलीकडची चार माणसं हात जोडायला निघाली. साडूंनी त्यांना मंडपाच्या दारातच अडवलं. म्हणाले, आज पहिला दिवस आहे, आज कुणी जायचं नाही. लग्न एकाच दिवसाचं होतं. मामा उपाशीच गेवराईला गेले आणि त्या घराशी आजतागायत बोललेले नाहीत. साडूंच्या हिशेबी त्या प्रकरणात चर्चा अजून सुरू आहे.

निवृत्तीनंतर त्यांना कुणी बोलावलं नाही. आता पुढारी मोबाइलचा स्पीकर लावून मुंबईतूनच उपोषण सोडवतात. मधल्या माणसाची गरज उरलेली नाही. तरी साडू रोज सकाळी भाजी आणायच्या निमित्ताने कलेक्टर कचेरीवरून जातात, मंडपात आज कोण बसलंय ते बघतात आणि घरी येऊन अक्कांना, म्हणजे माझ्या मेहुणीला, सांगतात की अमुक माणूस चौथ्या दिवसापलीकडे टिकत नाही. अक्का मेथी निवडता निवडता म्हणतात, "तुमी दुधी आनायला गेलता."

या घरात ससा आला तो त्यांच्या मुलीमुळे. तिने पुण्यात हौसेने पाळला, मग तिची बदली झाली आणि तिने तो एका पिंजऱ्यासकट बीडला आणून सोडला. पांढरा शुभ्र. तिने त्याचं काहीतरी इंग्रजी नाव ठेवलं होतं. अक्कांनी पहिल्याच दिवशी त्याला कापश्या म्हटलं आणि तो त्या नावाला कान हलवू लागला. वर्षभर सगळं ठीक चाललं. मग कापश्या वयात आला. साडूंच्या लोकरीच्या कानटोपीवर त्याचं मन जडलं. ती टोपी ते डोक्यावर घालून बसलेले असले, तरी त्याला संकोच वाटेना. पुढे त्याने भिंतीला टेकवून ठेवलेल्या साडूंच्या सन्मानपत्रांवर, एकही न चुकवता, आपली हद्द कायम केली. मुलीने फोनवर फर्मावलं, की याचं ऑपरेशन करून घ्या, नसबंदी झाली की तो शांत होईल. साडू कापश्याला टोपलीत घालून रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेले. संमतीपत्रावर सही करताना त्यांनी सवयीने वर लिहिलं, 'दूरध्वनीवरील आदेशानुसार.'

डॉक्टरीणबाई परभणीला शिकलेली तरुण मुलगी. ऑपरेशन छान झालं. कापश्याला परत देताना तिने साडूंना दोन गोष्टी बजावल्या. वेदनेच्या औषधाची ही बाटली, यातलं थोडं संध्याकाळी पाजायचं. आणि सशाने संध्याकाळपर्यंत काहीतरी खायलाच हवं. माणसासारखा ससा उपास करू शकत नाही, त्याचं पोट चालायचं थांबलं की एक-दोन दिवसांत ससाही थांबतो. साडूंनी मान डोलावली. कुणी काही न खाण्याबद्दल त्यांना समजावून सांगावं, याचं त्यांना हसू आलं असावं.

घरी आल्यावर कापश्या पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पाठ करून बसला. अक्कांनी कोथिंबिरीची जुडी त्याच्या नाकापुढे धरली, तो वळला नाही. त्या औषध शोधू लागल्या तेव्हा साडूंनी त्यांना थांबवलं. पहिला दिवस होता. पहिल्या दिवशी जवळ जायचं नाही, आर्जव करायचं नाही, आणि तोंडात काही बळजबरीने घालायचं तर मुळीच नाही, त्याने आंदोलन चिघळतं. अक्का तेवढ्यापुरत्या गप्प बसल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्या फार थोड्या वेळा गप्प बसल्या होत्या, आणि त्यांतली ही वेळ चुकीची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांचा मला फोन आला, की हे काही माझं ऐकत नाहीत, तुम्ही या. मी दहाच्या सुमारास पोहोचलो तर अंगणात चपलांचा ढीग. कापश्याने रात्रभरात पानही खाल्लं नव्हतं, पिंजऱ्यात एक लेंडीही नव्हती, आणि ही बातमी साडूंनी फिरायला गेले असताना 'आमच्या घरी उपोषण चालू आहे' अशा शब्दांत सांगितली होती. कॉलनी पाठिंबा द्यायला आली होती. कुणी गूळ आणला होता, कुणी ओवा. एक निवृत्त मास्तर सशाच्या वात-पित्तावर बोलत होते. वॉर्डातले एक होतकरू पुढारी झेंडूचा हार घेऊन आले. कुणाच्या विरोधात बसलाय, असं त्यांनी हळूच मला विचारलं. ससा बसलाय, असं मी सांगितल्यावर ते क्षणभर थबकले, मग आणलेला हार वाया जाऊ नये म्हणून त्यांनी तो पिंजऱ्याला घातला आणि फोटो काढून घेतला. सर्वांपुढे साडू उभे होते. हातात कागद होता आणि त्यावरचं त्यांनी पिंजऱ्याकडे तोंड करून खरोखरच वाचलं, की आपल्या भावना आम्ही जाणतो, आपण अन्नग्रहण करावं. कापश्याने कान पाठीला चिकटवले आणि तो आणखी कोपऱ्यात सरकला.

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावून साडूंच्या हाती दिला. पलीकडून तिने पहिलाच प्रश्न विचारला, की काल औषध दिलं का. साडू हातातल्या कागदाची घडी घालू लागले. मग तिने जे सुनावलं ते फोन कानाला असूनही आम्हा सर्वांना ऐकू आलं. सशाला दुखतंय म्हणून तो खात नाही. आत्ताच्या आत्ता औषध द्या, त्याचं खाणं पाण्यात मऊ कालवून पिचकारीने तोंडाच्या कडेने थोडं थोडं पाजा, गर्दी हटवा. दुपारी दोनपर्यंत त्याने आपणहून काही खाल्लं नाही तर घेऊन या, आणि मग मी काही खात्री देत नाही.

बाटली साडूंच्या फाइलमध्ये सापडली, पावतीला टाचलेली. अक्कांनी ती काहीही न बोलता घेतली, कापश्याला पदरात गुंडाळून औषध पाजलं आणि मग लोकांकडे वळून म्हणाल्या, "चला, उठा आता समदे. त्यो काय खुर्ची मागत न्हाई." घर दोन मिनिटांत रिकामं झालं. पिचकारीचं काम साडूंनी आपल्याकडे घेतलं. पहिल्या दोन वेळा सगळं त्यांच्या पांढऱ्या शर्टावर आलं. मग त्यांनी घाई सोडली. एक थेंब, थांबा. पुन्हा एक थेंब. पिचकारी संपली तेव्हा कापश्याच्या पोटात चार चमचे गेले असतील. त्याला पिंजऱ्यात ठेवून, दार उघडंच सोडून, साडू खोलीचा पडदा ओढून पिंजऱ्याशेजारी जमिनीवर बसले.

अक्कांनी त्यांच्यापुढे भाकरीचं ताट आणून ठेवलं. त्यांनी ते सरकवलं. अक्का म्हणाल्या, "त्याला दुकतंय, त्यो खाईना. तुमाला शुगर हाय. तुमी कावून उपाशी?" साडूंनी पिचकारी पुसून बाजूला ठेवली. त्यांनी कालपासून काही खाल्लेलं नाही, हे अक्कांनी मला दारात सांगितलं. म्हणजे घरात एकूण दोन जण बसले होते, आणि उठवण्याचं शास्त्र ज्याला येत होतं, तो त्यांतलाच एक होता.

मी शेजारी बसलो. त्यांच्याच पद्धतीने, मागणीचं नाव न काढता, मी विचारलं की मुलीला कळवलंय का. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "पाव्हणं, मी आजवर लई मानसं उटवली. कुनाचा रस्ता होता, कुनाचं पेन्शन. सरबत पाजलं की मी घरी. पुडं त्याच्या मागनीचं काय झालं, ते मी कदी इचारलं न्हाई." पिंजऱ्याकडे पाहून पुढे म्हणाले, "ह्याची तर मागनी एकच हाय. आन ती डॉक्टरीणबाईनं बादलीत टाकली."

मला हसू आलं ते मी दाबलं, कारण त्यांचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. सही आपली होती आणि औषध आपण अडवलं होतं, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कचेरीत अशा वेळी प्रकरण वर पाठवता येतं. इथे वर कुणी नव्हतं; एक ससा होता आणि एक भिंतीवरचं घड्याळ. ते मध्येच उठत, पिंजऱ्यातल्या वाळक्या गवताची काडी त्याच्या तोंडाशी नेत आणि तो मान फिरवी, तशी ती काडी हळूच खाली ठेवत. पाठीमागून कुणी टाळ्या वाजवणार नव्हतं की फोटो काढणार नव्हतं, तरी एवढ्या आदबीने त्यांना काही करताना मी कधी पाहिलं नव्हतं. एकदा ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "खा बे."

कालची रात्र त्यांनी जागून काढली असावी. साडेअकराच्या सुमारास भिंतीला टेकल्या टेकल्या त्यांचा डोळा लागला, तोंड उघडं, हातात काडी तशीच. मी वर्तमानपत्र चाळत बसलो. थोड्या वेळाने कागद फाडल्यासारखा बारीक आवाज आला. कापश्या साडूंच्या हातातल्या काडीला टोकापासून लागला होता आणि ती आत आत जात होती. ती संपली तसा तो पिंजऱ्यातल्या गवताकडे वळला. मी साडूंना उठवलं नाही. आधी अक्कांना खूण करून बोलावलं. त्या दारात उभ्या राहून बघत राहिल्या, डोळ्यांना पदर लावला आणि भाकरी पुन्हा गरम करायला आत गेल्या.

साडू जागे झाले तेव्हा कापश्या कोथिंबिरीपर्यंत पोहोचला होता. ते काही वेळ नुसते बघत राहिले. मग सावरून बसले, घसा साफ केला आणि मला विचारलं, "सोडलं? कुनाच्या हस्ते?"

"तुमच्या," मी म्हटलं.

त्यांनी आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. अक्कांनी परत आणलेलं ताट जवळ ओढलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घालायच्या आधी विचारलं, की वेळ काय झाली होती. अकरा चाळीस, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, लक्षात ठेवल्यासारखी.

दुपारी कळवायला म्हणून डॉक्टरीणबाईंना फोन केला, तेव्हा ती म्हणाली की हे औषध तासाभरात लागू पडतं. अक्कांनी ते पावणेअकराला दिलं होतं.