खरा आकडा लिहायला शिकवणाऱ्या ताई

डॉ. शालिनीताईंची आणि माझी पहिली भेट रोह्याला आरोग्य केंद्राच्या ओट्यावर झाली. घरोघर रक्तदाब मोजून वेळेत औषध सुरू केले, तर अर्धांगवायूचे झटके टळतात का, हे त्यांना अभ्यासायचे होते. त्यासाठी गावातलीच माणसे हवी होती. माझे शिक्षण गावच्या शाळेतले. तसे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "लोक तुम्हाला दार उघडतात ना? मग झालं."

लोक दार उघडत, आणि तिथेच मी चुकलो. वरचा आकडा एकशे चाळीस किंवा त्याहून जास्त आला, की त्या माणसाला पेणला तपासणीसाठी पाठवायचे, असा नियम होता. पेणला जायचे म्हणजे मिठागरावरचा दिवस बुडणार. म्हणून आकडा थोडा पुढे गेला, की मी एकशे अडतीस लिही. मला ते धर्माचे काम वाटे.

महिनाभराने रामवाडीच्या कार्यालयात ताईंनी माझी वही तपासली. "एकशे अडतीसवर एवढी गर्दी, आणि चाळीसच्या जरा पुढे एकही माणूस नाही. असं कसं?"

मी कबूल केले. काम गेले, असेच वाटले.

"दया तुम्ही केलीत, भोगतील ते," ताई म्हणाल्या. "चला, पुन्हा मोजू."

मी मोजलेले सगळे आकडे त्यांनी रद्द केले. अहवाल लांबला. वरिष्ठांना कारण कळवताना त्यांनी 'माझी देखरेख कमी पडली' एवढेच लिहिले. माझे नाव कुठेही घातले नाही.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः माझ्याबरोबर खाडीकाठी आल्या. माझ्या वहीतल्या एकशे अडतीसवाल्यांपैकी जनाकाकी नुकत्याच मिठागरावरून परतल्या होत्या. "परत आलास व्हय रे? तवा तर बरी हाय बोललास!"

ताईंनी त्यांना आधी पाच मिनिटे शांत बसायला सांगितले.

"गो बाय, मला बसायची सवय नाय!"

"आज माझ्यासाठी बसा."

मागच्या वेळी यंत्रावर एकशे चव्वेचाळीस होते. आज दोनदा मोजले, दोन्ही वेळा एकशे सत्तरच्या पुढे. ताई मला हळूच म्हणाल्या, "तुम्हीच सांगा त्यांना."

मागच्या वेळी आकडा मीच कमी लिहिला होता, हे मी सांगितले. काकी उसळल्या. "मेल्या, माझा दिवस वाचवलास आन् मलाच घालवायला निघालास!"

ताईंनी त्यांना आपल्या गाडीतून पेणला नेले. औषध त्याच दिवशी सुरू झाले. काकी आजही धडधाकट आहेत. त्या दिवसापासून देवापुढे हात जोडताना मी एवढेच मागतो, की माझ्या दयेने कुणाचा घात होऊ नये.

पंचाहत्तराव्या वर्षीही ताई कोलाडच्या बाजूच्या वाड्यांवर फिरतात. हा लेख लिहितो आहे, हे कळल्यावर काकींनी निरोप दिला, "त्यांना सांग, शंभर वर्सं जगा. आन् त्यांचा परेशर कोन मोजतो, ते इचारून ये."

मी यंत्र घेऊनच गेलो. ताईंना पाच मिनिटे शांत बसवले आणि मोजले. आकडा चांगला आहे. परमेश्वर तो असाच ठेवो आणि ताईंना उदंड, निरोगी आयुष्य देवो. यंत्रावर दिसला तोच आकडा काकींना सांगितला आहे.