रडायला जागा

आमच्या गल्लीतले सुतारकाका लोकांच्या दारांना अशा कड्या बसवत की चोरानेही आधी दाद द्यावी. स्वतःच्या घरात मात्र एकही कडी नव्हती, न्हाणीघरालासुद्धा नाही. त्यांच्याकडे आंघोळीला गेलेला पाहुणा आपोआप गायक व्हायचा. मीही तिथे गळा साफ केलेला आहे.

कारण हसण्यासारखं नव्हतं. एकदा त्यांच्या मुलीला न्हाणीघरात फिट आली, आतून कडी लागलेली, आणि काकांना स्वतःच्या हातचं दार पहारीने फोडावं लागलं. त्याच संध्याकाळी त्यांनी घरातली कडी न् कडी उपटली. पुढे गोळ्या लागू पडल्या, फिट थांबल्या. काका छाती फुगवून सांगायचे की पोरीवर डोळ्यात तेल घालून लक्ष आहे.

पोरगी मात्र मिटत चालली. मैत्रिणी तुटल्या, वेणी घालणंही जड झालं, ताट तसंच राहायला लागलं. काकू म्हणत होत्या, हिचं काहीतरी बिनसलंय. काकांचं निदान तयार होतं: गोळ्यांची सुस्ती आणि वयाची नाटकं. सुताराला वाटतं, रंधा मारला की सगळं सरळ होतं.

फिटच्या नेहमीच्या तपासणीला दवाखान्यात काय झालं, ते काकूंनीच नंतर सांगितलं. डॉक्टरबाईंनी मुलीला विचारलं, कशी आहेस? सवयीने काकाच उत्तरले, एकदम छान. बाईंनी आईबापांना बाहेर बसवलं. परत बोलावून सांगितलं की हे नैराश्य आहे, फिटच्या आजारात पुष्कळ मुलांना येतं, त्याचे उपचार वेगळे असतात आणि ते आजच सुरू करायचे.

मुलगी फरशीकडे बघत म्हणाली, "बाबा, आपल्या घरात रडायला जागाच नाही. हुंदका आला की तुम्ही दार ढकलून आत येता."

"मला वाटायचं, फिट आली."

"आणि फिट नाही म्हटल्यावर हसत परत जायचात."

जिना उतरताना काका काकूंना एवढंच म्हणाले, "रडणारी पोर बघून मला हायसं वाटायचं गं."

आता तिच्या खोलीचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं, आत कुणी पडलं तरी अडू नये म्हणून. वाजवल्याशिवाय त्याला कुणी हात लावत नाही. परवा मी करवत मागायला गेलो तर आतून रडण्याचा आवाज येत होता. काकांचा हात दाराच्या मुठीवर गेला, थांबला. त्यांनी टकटक केली.

"फिट नाहीये बाबा," आतून आलं. "पण बरंही नाहीये."

"मग मी काय करू?"

"बसा तिथेच."

काका दाराबाहेर फरशीवर बसले. मला त्यांनी हातानेच जा म्हणून खुणावलं.