कलश टेकवायला एक बाक नाही

ग्रुपवर नव्या स्टेशनाची चित्रं रोज टाकता, आज हे वाचा.

सकाळी पुण्याचे माझे माधवदादा वहिनींच्या अस्थी घेऊन काशीत उतरले; मी घ्यायला गेले होते. वय अठ्ठ्याहत्तर. गंगेपर्यंत कलश जमिनीला टेकवायचा नाही, हा त्यांचा नेम.

बांधकामासाठी फलाटावरची सगळी बाकं काढलेली, लिफ्ट बंद. दादा कलश या हातातून त्या हातात घेत होते. "द्या माझ्याकडे," म्हटलं, तर "नको, तिला मीच नेणार."

मी मुकादमाकडे खुर्ची मागितली. त्यानं फलकावरच्या नव्या स्टेशनाच्या चित्राकडे बोट दाखवलं. "माताजी, दो साल बाद आइए, एयरपोर्ट जैसा लगेगा!"

"तब तक इनकी पत्नी रुकी रहें?"

तो कामाकडे वळला. खुर्ची आली नाही.

शेवटी दादाच कलश मांडीवर घेऊन धुळीत बसले.

त्या चित्रात ओळीनं बाकं आहेत. काम होईपर्यंत एक तरी ठेवता आलं नसतं?