समुद्रपूरचा फोन आणि माझा मोडेम

आर्वीच्या आमच्या गल्लीत तेव्हा फोन आमच्याकडेच होता, त्यामुळे अर्ध्या गल्लीचे निरोप आमच्या घरी यायचे. मी इंटरनेटसाठी मोडेम आणला त्या दिवशी समोरच्या काकू सकाळपासून आमच्या स्वयंपाकघरात बसून होत्या. लेकीचं दुसरं बाळंतपण, तेही सासरी, समुद्रपूरला. काकूंचा पाय प्लास्टरात, म्हणून जाता आलं नव्हतं. पहिल्या खेपेला लेकीचे फार हाल झाले होते. जावयाचा फोन येणार होता आणि काकूंचा सगळा जीव त्या घंटीत अडकला होता.

"दोनच मिनिटं लागतीन, काकू. हे चालते का नाई, पाहून घेतो," मी म्हणालो. मोडेम जोडलेला असला की बाहेरून फोन लागत नाही, एंगेज येतो, हे मला ठाऊक होतं. त्यांना सांगितलं मात्र नाही. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझा तर पहिलाच तास होता.

बैठकीत बसून मी नंबर लावला. मोडेम चिरकला, खरखरला, कॉम्प्युटरवर जोडणी झाल्याची खूण आली आणि लगेच गेली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मी वायर बदलली, भिंतीवरची डबी उघडली, दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. माझा पारा चढला की आई कपबशा उचलून ठेवते. तिने उचलायला सुरुवात केली.

शेवटी तणतणत आत गेलो, तर काकू त्याच लाइनवरच्या, स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या फोनचा रिसीव्हर कानाला लावून जीव तोडून बोलत होत्या, "जावईबापू, जोरानं बोला नं! काईच समजून नाई राह्यलं!"

"काकू, तो माहा मोडेम हाय!" मी ओरडलो. "घडीघडी फोन काऊन उचलून राह्यल्या तुमी? उचलला का तुटते!"

"घंटीच नाई वाजली नं सकाळपासून, बाबू. म्हणून पाहून राह्यली होती, फोन चालू हाय का बंद." त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला. "पोरगी बरी असंन नं?"

माझा राग जिथल्या तिथे जिरला. पाऊण तास मी लाइन अडवून बसलो होतो. लाज वाटली. धावत जाऊन मोडेमची वायर उपटली.

परत येईपर्यंत घंटी वाजली. जावयाने नुकताच मोबाईल घेतला होता, तो दवाखान्यातूनच बोलत होता. "किती वेळचा लावून राह्यलो, एंगेजच येते!" हे त्याचं ओरडणं बाजूला उभ्या असलेल्या आम्हालाही ऐकू आलं. मुलगी झाली होती. आई-लेक दोघी सुखरूप. काकू प्लास्टरच्या पायानिशी उठून उभ्याच राहिल्या, हसत आणि डोळे पुसत. "बाळाजवळ धरा मोबाईल," म्हणाल्या आणि ऐकत राहिल्या. आईने साखरेचा डबा काढला.

मग काकूंनी माझा कान धरला. पिळणार असं वाटलं, आणि पिळला असता तरी माझी तक्रार नव्हती. पण त्यांनी त्या कानाला रिसीव्हर लावला. "ऐक. इले अडवून ठेवलं होतं तू."

पलीकडे ती चिमुरडी ताणून रडत होती. मला इतका आनंद झाला, की मोडेम चालतो की नाही हे पाहायची त्या दिवशी आठवणच राहिली नाही.