फुंकरीचा मंत्र

जर्मनीत कायझर्सलाउटर्नला पीएचडी करत होतो तेव्हा मी जवळच्या एका खेड्यात राहायचो. घरमालकीण ऐंशीच्या पुढच्या आजी. एकदा त्यांना शहरातलं एक प्रदर्शन बघायला घेऊन गेलो. विषय होता जुन्या काळातली जादू. काचेआड ताईत, मंत्रांच्या वह्या, चेटकिणींवरच्या खटल्यांचे कागद. उद्घाटनाला चार भाषणं झाली. प्रत्येक वक्त्याने आधीच्या वक्त्याचं सविस्तर कौतुक केलं. शेवटच्या प्राध्यापकांनी गळपट्टा सावरत जाहीर केलं, की भाजल्यावर म्हणायचे मंत्र या भागातून केव्हाच नामशेष झाले आहेत.

"चुकतोय तो," पेपरमिंट चघळत आजी म्हणाल्या. "मला येतो."

परतीच्या बसमध्ये उलगडा झाला. मंत्र त्यांना त्यांच्या आजोबांनी दिला होता. तो पुरुषाने बाईला आणि बाईने पुरुषालाच द्यायचा. बाईने बाईला दिला, की त्याचा गुण जातो. नात शिकायला तयार होती, पण मध्ये एक पुरुष हवा होता. आजींचा इंजिनियर मुलगा हसून म्हणायचा, "आई, मलम लाव." आजींचं हृदय थकलं होतं, पुढच्या महिन्यात त्या वृद्धाश्रमात जाणार होत्या. मंत्र त्यांच्याबरोबरच संपणार, याचीच त्यांना काळजी होती.

"तुम्ही पुरुष आहात," त्या म्हणाल्या.

"पण माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही."

"तो कोणी मागितलाय? पाठांतर बरं आहे ना?"

पाठांतर बरं होतं. अर्थ न कळता पाठ करण्यात आमच्या पिढीचा हात कोण धरणार? गावच्या बोलीतल्या तीन ओळी, तीन संत, शेवटी तीन फुंकरी. आठवडाभर मी ते घोकलं. प्रबंध तेवढे दिवस बाजूला राहिला आणि त्याचं काही बिघडलं नाही.

रविवारी नात आली. ती नर्स होती. "मलमपट्टी मी रोजच करते," ती म्हणाली. "हे ओमासाठी." ओमा म्हणजे आजी.

आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो. आजी स्वयंपाकघरात, दार उघडं. मी मंत्र म्हटला. दुसऱ्या ओळीत माझे उच्चार असे झाले, की त्या संतानेही ओळख दाखवली नसती. आजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी चूक सुधारली असती, तर मंत्र बाईकडून बाईकडे गेला असता. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा तीच चूक.

"थांबा," नात म्हणाली, आणि तिने त्या तीन ओळी गावच्या बोलीत, सावकाश, स्वतःच म्हणून पाहिल्या. मग मला विचारलं, "असंच ना?"

मला कुठे माहीत होतं? मी दारातून आजींकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या, पण टेबलाची कड त्यांनी सोडली होती.

"गेनाऊ," मी ठामपणे म्हणालो. "अगदी असंच."