जळक्या मोटारीचे फेरे

दिंद्रुडहून माजलगावची एसटी सुटली तेव्हा नात सोनालीच्या मांडीवर आयटीआयचं प्रमाणपत्र होतं आणि माझ्या मांडीवर भाकरी-ठेच्याचं गाठोडं. मोटारी भरायच्या दुकानात (पाण्याच्या मोटारीतली जळालेली तार काढून तिथं नवी भरतात) आज उस्ताद तिचं काम बघणार होते. जमलं तर दोन वर्षं शिकलेलं कामी लागेल. नाही तर सोमवारी पुण्याला, खोक्यांना चिकटपट्टी लावायला. मैत्रिणीबरोबर खोलीसुद्धा ठरली होती.

वाटेनं दोहीकडं ऊस. "एवढ्या मोटारी चालत्यात, काम काय कमी हाय का?" मी म्हणाले. माजलगावच्या स्टँडवर भाकरीचं गाठोडं सोडलं, तर ती एका हातात प्रमाणपत्र धरूनच जेवली.

उस्ताद साठीचे, बोटं वार्निशनं काळी. कागद न बघताच त्यांनी एक जळकी मोटार पुढं सरकवली. "खोल, बेटी."

सोनालीनं झरझर खोलली, तारा कापल्या, ओढून ढीग घातला. मला तर बाई कौतुकच वाटलं! चहा घेऊन आलेल्या उस्तादांनी मात्र कपाळाला हात लावला.

"कापलं कावून (का)? आधी तारेचे फेरे मोजले?"

"न्हाई. आयटीआयत आमाला तक्ता द्यायचे. त्यावर लिहिलेले असायचे."

"आता किती भरायचे, मोटारीला विचारू?"

मला राहवलं नाही. "उस्ताद, मी शिवण आपलं आपणच शिकले. पहिलीच मापाची चोळी माप न घेता उसवून बसले. जिची होती ती लई दिवस बोलली न्हाई माझ्याशी."

ते हसले. "मग काय केलं, मावशी?"

"तुकड्यांवर जुन्या टाक्यांची भोकं होती की. त्यावरून शिवली."

सोनालीनं माझ्याकडं पाहिलं आणि मोटारीवर वाकली. एका खाचेत एक वेटोळं चिकटून राहिलं होतं. त्याची कापलेली टोकं ती चिमट्यानं एकेक सोडवून मोजू लागली. तिचा चहा गार झाला. तिनं आकडा सांगितला. उस्तादांनी चष्मा चढवून स्वतः मोजले. दोघांचं एकच आलं.

"सोमवारी ये," ते म्हणाले. "आन् कात्री माझ्याकडंच राहील. फेरे सांगशील, मग देईन."

परतीच्या गाडीत मी विचार करत होते. शाळेनं हिचा हात धीट केला, हे काय थोडं झालं? मला तेवढंही कुणी दिलं नाही. पण आमच्या दोघींपुढं कोरं काही येतच नाही. लोकांचं वापरलेलं, विटलेलं, जळलेलंच येतं. ते हातात घेतल्यावर आधी काय बघायचं, एवढं तिथंच कुणी सांगितलं असतं तर?

शेजारी सोनाली फोनवर बोलत होती, "अगं, खोलीत दुसरी कुणी बघ. मला सोमवारी काम हाय."